आत्यांचे तीन मैल

माझ्या सासूबाईंचं आयुष्यात पहिल्यांदा वजन झालं तेव्हा त्या पन्नाशीला टेकल्या होत्या. सत्तर सालची दिवाळी नुकतीच झाली होती. पायात बाभळीचा काटा मोडल्याचं निमित्त होऊन जखम झाली, ती महिना-दीड महिना भरेना. शिवाय तहान अशी, की रांजणाशेजारी बसून राहावं. शेवटी आमच्या ह्यांनी पाथर्डीच्या कचेरीतून रजा काढली आणि आम्ही तिघं तिसगावहून एस.टी.नं नगरला गेलो. माझं माहेर नगरचं. डॉक्टरांशी बोलायला ही बरी, म्हणून मला बरोबर घेतलं होतं. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि घरात माझं बोलणं अजून फारसं कुणी ऐकून घेत नव्हतं. त्यामुळे मी खूश होते.

सासूबाईंना मी 'आत्या' म्हणायची आणि सासऱ्यांना 'मामा'. आमच्या भागात तीच रीत. आत्या अंगानं भरलेल्या, गोऱ्या, गळ्यात ठसठशीत डोरलं. चालल्या की जमीन आपल्या बापाची आहे असं वाटावं. त्यांना जाड म्हणायची कुणाची छाती नव्हती. 'खात्यापित्या घरची बाई' म्हणत, आणि ते कौतुकानंच म्हणत.

डॉक्टर म्हातारे होते, सडसडीत, सदऱ्याच्या बाह्या मोठ्या होतील इतके. त्यांनी तपासणी करून आत्यांना काट्यावर उभं केलं आणि वाकून आकडा वाचला.

"चौऱ्याऐंशी किलो."

"तुमचा काटा बिघडलाय," आत्या खाली उतरल्यासुद्धा नाहीत. "हिला उभी करा बरं."

मी उभी राहिले. माझे अठ्ठेचाळीस भरले.

"हिचं बरोबर सांगतोय," आत्या म्हणाल्या. "माझ्याच टायमाला काय हुतं त्याला?"

डॉक्टर हसले नाहीत. साखरेचा आजार आहे, गोळी देतो, पण गोळीनं निम्मंच काम होईल, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. साखर बंद, गूळ बंद, भाकरी तीनची दीड. वजन दहा किलो तरी उतरलं पाहिजे, नाहीतर पायाची जखम पुढे भारी पडेल. मग त्यांनी विचारलं, "उपास करता का?"

"व्हय तर. सोमवार, गुरुवार, शनिवार. चतुर्थी आन् एकादशी येगळी." डॉक्टरांच्या तोंडावर पहिल्यांदा समाधान दिसलं. ते पाहून मी मध्ये बोलले. उपासाला आमच्याकडे साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याची आमटी, वरई, गुळात शिजवलेली रताळी आणि वर केळी असतात, हे मी सांगितलं. आत्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी घरातला सोन्याचा हंडा कुठं पुरलाय ते सांगून टाकलंय. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"उपास बंद," ते म्हणाले. "आणि रोज तीन मैल चालायचं."

"कुठं?"

"कुठं म्हणजे?"

"चालायचं म्हनताय न्हवं. कुठं जायचं?"

"कुठंच नाही हो आई. नुसतं चालत जायचं आणि परत यायचं."

आत्यांनी आमच्या ह्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. एस.टी.त त्या खिडकी धरून बसल्या. करंजीचा घाट चढताना एकदम म्हणाल्या, "कुठंच न जाता परत कसं यायचं गं? आदी कुठंतरी जावं लागंल का न्हाई?"

आजार, गोळी, पायाची जखम, सगळं त्यांनी पचवलं होतं. हे एक त्यांना पटत नव्हतं.

घरी आल्यावर त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे कोठीच्या किल्ल्यांचा जुडगा कमरेचा सोडून माझ्या हातात दिला. कोठीत गुळाची ढेप, साखरेचा डबा आणि दिवाळीचे उरलेले लाडू होते. "तुज्याकडं ठेव. मी मागितली तरी देऊ नको. रडले तरी देऊ नको." मला भरून आलं. एवढा मान मला लग्नातही मिळाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळेला त्या म्हणाल्या, "दे बरं किल्ल्या."

"आत्या, तुम्हीच म्हणालात देऊ नको."

"काल म्हनले हुते."

मी दिल्या नाहीत. जुडगा कमरेला आणखी घट्ट खोचला. त्यांनी बिनसाखरेच्या चहाचा एक घोट घेतला, कप उंबऱ्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "ह्याच्यापरीस लिंबाचा पाला बरा." तरी तो चहा त्यांनी संपवला. पुढं रोज शिव्या देत संपवला.

घरात त्या ऐकत. बाहेर पंचाईत होती. कुणाच्याही दारात गेलं की चहा, आणि चहा म्हणजे पाक. डॉक्टरांनी साखर बंद केलीय म्हटलं, की बायका हसून म्हणत, "डाक्टर काय बघाया आलाय व्हय? घ्या की घोटभर." आणि आणखी एक चमचा घालत. आठवडाभरात आत्यांनी पाच घरी पाच कप प्यायल्याचं मला कळलं. मी तोंड फुगवून बसले. त्यावर त्यांनीच तोड काढली. सहाव्या घरी कप पुढं आल्यावर त्या म्हणाल्या, "देवीला गूळ-साखर सोडलीय."

कप जागच्या जागी मागे गेला. घरातल्या बाईनं हात जोडले. डॉक्टरला गावात किंमत नव्हती, पण मोहट्याच्या देवीपुढं बोलायची कुणाची टाप नव्हती. त्या दिवसापासून आत्यांना कुणी गोड पुढं केलं नाही. मला ही युक्ती फार आवडली. तिचा फास माझ्या गळ्याला बसणार आहे हे तेव्हा कळलं नाही.

चालण्याची गोष्ट आणखी अवघड निघाली.

पहिल्या दिवशी आम्ही सकाळी सातला दोघी निघालो. मी बरोबर जायचं हे ठरलेलंच होतं, कारण एकटीनं हिंडणं बरं दिसेना आणि त्या मधेच कुठं बसल्या तर पाहायला कुणीतरी हवं. आळीच्या तोंडाशी पहिली हाक आली, "का ओ, सकाळच्या पारी कुठं?" आत्या थांबल्या. "कुठंच न्हाई," असं त्यांच्या तोंडून निघेना. "रानात," त्या म्हणाल्या. पुढच्या दारात तेच, पाराजवळ तेच, पिठाच्या गिरणीपाशी तेच. दर दहा पावलांना कुणीतरी विचारी आणि त्या दर वेळी थांबून उत्तर देत. रानात म्हटल्यावर मग रानात जाणं भाग पडलं.

आमचं रान गावापासून अर्ध्या मैलावर. मामा मोट धरून होते. बांधावर बायकोला पायी येताना पाहून त्यांनी बैल तसेच सोडले आणि ढेकळांतून पळत आले. आत्या रानात येत त्या बैलगाडीतून, आणि तेही सुगीत.

"काय झालं? कोन गेलं?"

"कोन न्हाई गेलं."

"मंग तू कशाला आली?"

"चालाया."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. बैलांनी तोवर घासाच्या वाफ्यात तोंड घातलं होतं. मामा परत फिरले, पण परतताना दोनदा मागं वळून बघितलं.

रान अर्धा मैल, म्हणजे जाऊन-येऊन एकच मैल. दोन मैल राहिले. रोज त्याच रानात तीनदा जाऊन यायचं तर मामा बैलांसकट घरी बसतील, असं आत्यांचं मत पडलं. चौथ्या दिवशी त्या माझ्याआधी उठून पायात वहाणा घालून तयार होत्या. हातात एक तांब्या.

"ह्यो तांब्या वस्तीवरच्या माळीनबाईचा. दोन महिनं झालं आपल्याकडं पडलाय. देऊन यिऊ."

वस्ती ओढ्यापलीकडे, गावापासून दीड मैल. आता कुणी "कुठं?" विचारलं, की आत्या तांब्या वर करून दाखवत आणि न थांबता पुढं चालत. त्या दिवशी आमचे तीन मैल पहिल्यांदा पुरे झाले. ओढा चढताना त्यांना धाप लागली, दोनदा दगडावर बसल्या. माळीणबाईंनी चहा विचारला, आत्यांनी देवी सांगितली आणि ताक घेतलं.

दुसऱ्या दिवशी परत करायला काही नव्हतं. आत्यांनी घरातल्या वस्तू चाळल्या. कुणाची चाळण, कुणाचं लोणच्याचं बोळकं, कुणाची उसनी आणलेली शिवणाची कात्री. पंधरा दिवसांत आमच्या घरातलं दुसऱ्यांचं सगळं सामान ज्याचं त्याला पोचलं. मी तर म्हणेन, तिसगावात त्या महिन्यात आमच्याइतकं प्रामाणिक घर दुसरं नसेल. ते संपल्यावर त्यांनी नव्या वस्तू मुद्दाम उसन्या आणायला सुरुवात केली, परत करता याव्यात म्हणून.

पण तोवर लोकांच्या ध्यानात आलं होतं, की ह्या दोघी रोज वस्त्यांकडं जातात. मग निरोप यायला लागले. शिंप्याची बायको म्हणे, "वस्तीवर जाताय न्हवं? मग झंपर तयार झालीत म्हनून सांगा." कुणाची म्हैस व्यायली, कुणाला खरवस द्यायचाय. पोस्टात वस्तीवरच्यांची पत्रं आठ-आठ दिवस पडून असत, तीही पोस्टमननं आत्यांच्या हवाली केली, कारण त्याची सायकल ओढ्यापलीकडं जाईना. पत्र पोचलं की ते मलाच वाचून दाखवावं लागे. बायका जात्यावर बसून ऐकत आणि मधेच जातं थांबवून म्हणत, "ते परत वाचा." आत्या दाराशी उभ्या राहून डोळे पुसत, मग वाटेत मला सांगत, "त्याच्या पत्रात काई दम न्हवता. आईला एवडंच लिवायचं व्हय?"

चालायचा कंटाळा त्यांना आला नाही असं नाही. थंडी वाढली तशी एका सकाळी त्या वाकळेतून उठेनात. पाय दुखतोय, डोकं दुखतंय, आज वार वाईट आहे. मी विनवण्या केल्या, डॉक्टरांची भीती घातली, काही चालेना. तेवढ्यात शेजारची बाई कुंपणावरून ओरडली, की वस्तीवरच्या एका पोरीला सासरी मुलगा झाला आणि वस्तीवर तिच्या आजीला अजून कुणी कळवलं नाही. आत्या ताडकन उठल्या. "माज्या आदी कुनी गेलं तर बग," म्हणाल्या आणि वेणी न घालताच निघाल्या. त्या दिवशी मला त्यांच्यामागं पळावं लागलं.

महिना उलटला. आता वजन किती उतरलं ते त्यांना पाहायचं होतं. नगरला जायचं तर अख्खा दिवस जातो, आणि गावात माणसाचं वजन करायचा काटा नव्हता. धान्याचा होता. आमच्या घरासमोर आडत्याचं दुकान, आणि आडत्याची बायको आत्यांची मैत्रीण. बाजार नसलेल्या दिवशी दुपारी, पुरुष जेवून लवंडले असताना, तिनं आम्हाला मागच्या दारानं वखारीत घेतलं. वखारीत तीन वाशांच्या तिकाटण्याला मोठा तराजू लटकत होता, साखळ्यांना टांगलेली दोन लाकडी पारडी. ज्वारीची पोती त्यावर चढत.

"बसा वैनी," आडत्याची बायको म्हणाली.

आत्या पारड्यात मांडी घालून बसल्या आणि दोन्ही हातांनी साखळ्या धरल्या. झोक्यात बसल्यासारखं पारडं गरकन फिरलं. "अगं बया, पडते की!" त्या ओरडल्या आणि आम्ही दोघी हसून गडाबडा लोळायच्या बेतात आलो. दुसऱ्या पारड्यात आम्ही वीस-वीस किलोची लोखंडी मापं चढवू लागलो. तीन चढवली, आत्या जमिनीवरच. चौथं ओढत आणलं आणि ठेवलं. पारडं हललं, वर आलं, खाली गेलं आणि थरथरत सारख्याला सारखं थांबलं.

ऐंशी. चार किलो गेले होते.

"चार किलो म्हंजी किती?" आत्यांनी पारड्यातूनच विचारलं.

आडत्याच्या बायकोनं चार किलो बाजरी मोजून फडक्यात बांधली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली. आत्यांनी गाठोडं एका हातानं उचलून पाहिलं, मग दुसऱ्या हातानं. मग पदराखाली पोटाशी धरलं आणि तसंच थोडा वेळ धरून ठेवलं.

"येवडं मी अंगावर घिऊन फिरत हुते?" त्या म्हणाल्या. "कुनी मला सांगितलं का न्हाई?"

त्या दिवसापासून मला त्यांना उठवावं लागलं नाही. ते गाठोडं त्यांनी विकत मागून घेतलं, त्यातली बाजरी दळू दिली नाही आणि फळीवर ठेवून दिलं. कधी भाकरीचा तिसरा तुकडा घ्यावासा वाटला, की फळीकडं बघत.

इकडं माझी वेगळीच कथा सुरू झाली होती. पाणवठ्यावर बायका माझ्याकडं बघून हसू लागल्या. कुणी म्हणे, "आता काय, लौकरच," कुणी चिंच आणून देई. वस्तीवरच्या आजीनं एकदा माझ्या पोटावरून हात फिरवून बोटं मोडली. मला कळेना. आडत्याच्या बायकोनं शेवटी सांगितलं. आत्यांनी देवीला गूळ-साखर सोडली, रोज अनवाणी नसल्या तरी पायी हिंडतात, म्हणजे नवस कसला असणार? दोन वर्षं झाली तरी सुनेची कूस उजवत नाही, त्याचाच. साऱ्या गावानं हे धरून ठेवलं होतं. आत्यांचं पोट उतरत होतं आणि गाव माझ्या पोटाकडं डोळे लावून बसलं होतं.

आता हसू येतं. तेव्हा मी विहिरीच्या काठावरून घागर तशीच टाकून घरी आले.

"तुम्ही माझ्यासाठी नवस केलाय असं सांगितलंत?"

"मी न्हाई सांगितलं. लोकांनीच धरलं."

"मग तुम्ही 'तसं नाही' असं का म्हणाला नाहीत?"

आत्या शेंगा फोडत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही. "साखरेचा आजार झाला म्हनलं तर लोकं म्हनतील, लई खात हुती, खाऊन खाऊन झाला. तोंडावर न्हाई म्हननार, पाठीमागं म्हनतील."

"आणि मला काय म्हणतात ते चालतं तुम्हाला?"

त्यांनी पुढची शेंग फोडली. मी टाकून आलेली घागर आणायला परत विहिरीवर गेले. दुसऱ्या दिवशी तीन मैल झाले, पण त्या पुढं आणि मी वीस पावलं मागं. असे तीन दिवस गेले. वस्तीवर पत्र वाचून दाखवलं तेही मी त्यांच्याकडं पाठ करून.

चौथ्या दिवशी संक्रांत. आडत्याच्या घरी हळदीकुंकवाला सारी आळी जमली होती. ओटीवर चटया टाकलेल्या, मधोमध परातीत तिळाचे लाडू. मी कोपऱ्यात बसले होते. आत्यांची थोरली जाऊ, माझ्या चुलत सासूबाई, सगळ्यांत मानाच्या. त्यांनी स्वतः उठून लाडू उचलला आणि आत्यांपुढं धरला.

"घे. देवीला सोडलं असलं तरी संक्रांतीचा तिळगूळ चालतो. आन् यंदा तर तू घ्यायलाच पायजे. औंदा सुनंच्या वटीत कायतरी पडू दे."

सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. मी चटईची काडी उपटत बसले. आत्यांनी लाडू हातात घेतला. मला वाटलं, खाणार. त्यांनी तो परत परातीत ठेवला.

"मी देवीला काई सोडलेलं न्हाई," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीचाच, जमीन बापाची असल्यासारखा. "खोटं बोलले. देवी बगून घिईल माजं. मला साखरेचा आजार झालाय. खाऊन झाला का कशानं झाला ते डाक्टरला ठावं. त्यानं वजन उतरवाया सांगितलंय म्हनून मी चालते. हे सगळं माज्या पोटासाठी चाललंय, हिच्या न्हाई. हिच्या पोटाकडं बगू नका आता. पोर व्हईल तवा व्हईल, न्हाई झालं तर न्हाई. मला ती हाय तशी पुरंशी हाय."

आतल्या चुलीवरचं दूध उतू गेल्याचा चर्र आवाज ओटीपर्यंत आला. आडत्याची बायको आत पळाली. थोरल्या जाऊबाई उभ्याच होत्या. मग शिंप्याची बायको, जी काडीसारखी बारीक, ती हळूच म्हणाली, "वैनी, त्या आजारात तहान लई लागती का?"

"लई."

"माज्या आईला लागती. आन् तिच्या पायाला मुंग्या येत्यात." मग दुसरी बोलली, की तिला जिना चढवत नाही. तिसरीचे गुडघे धरले होते. थोरल्या जाऊबाई खाली बसल्या आणि म्हणाल्या, "मला पन दम लागतो, पन मी कुनाला सांगत न्हाई." हळदीकुंकू लावायचं तासभर तसंच राहिलं. दुखणी सांगून झाल्यावर एकीनं विचारलं, "किती उतरलं वजन?" आडत्याच्या बायकोनं तराजूची हकिकत रंगवून सांगितली, पारडं फिरल्याचं करून दाखवलं आणि आत्यांनी तिच्या पाठीत धपाटा घातला.

घरी येताना आत्या माझ्याबरोबरीनं चालत होत्या. घराशी आल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "उद्या लौकर उठ."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आमच्या दारात पाच बायका उभ्या होत्या. त्यात शिंप्याची बायको.

"तू कशाला?" आत्या म्हणाल्या. "तुज्या अंगावर उतरवाया हाय काय?"

"काई न्हाई," ती म्हणाली. "पन मी बी येते. डाक्टरनी सांगितलंय म्हनून घरी सांगून आले."

"कुठल्या डाक्टरनी?"

"तुमच्याच."

नगरच्या त्या म्हाताऱ्या डॉक्टरांना ठाऊकही नसेल, पण माघ महिन्यापर्यंत त्यांनी आमच्या आळीतल्या नऊ बायकांना चालायला सांगितलं होतं. पाणी आणायचं नाही, सरपण आणायचं नाही, डोक्यावर काही नाही, हात मोकळे. असं उगाच चालायला मिळणं यातल्या कित्येकींना लग्नानंतर पहिल्यांदाच लाभत होतं. ओढ्यापर्यंत सगळ्या पदर सावरून गुमान चालत. ओढा ओलांडला की आवाज चढत. एकदा थोरल्या जाऊबाई आणि शिंप्याची बायको यांनी चिंचेपर्यंत शर्यत लावली. जाऊबाई हरल्या, पण शिंप्याची बायको पाय घसरून चिंचेवर जाऊन आदळली म्हणून जिंकली, असं त्या शेवटपर्यंत सांगत. मामांनी बांधावरून हा तांडा पाहिला आणि मला म्हणाले, "सूनबाई, ह्यो मोर्चा कुठल्या कचेरीवर चाललाय? आमी पन सह्या करू."

फाल्गुनात आम्ही परत नगरला गेलो. आत्यांनी काट्यावर चढण्याआधी वहाणा काढल्या, डोरलं काढलं, पाटल्या काढल्या. डॉक्टर म्हणाले, "एवढं नको हो." आकडा साडेपंच्याहत्तरवर थांबला. पायाची जखम केव्हाच भरली होती.

"शाबास!" डॉक्टर म्हणाले.

"दहा किलो म्हनाला हुता तुमी. साडेआठच झालं," आत्यांचा चेहरा पडला. मग त्यांना काहीतरी सुचलं. "हिला उभी करा बरं."

मी नको नको म्हणत होते. माझे त्रेपन्न भरले. तीन महिने कोठीच्या किल्ल्या माझ्या कमरेला होत्या, दिवाळीचे लाडू कुणीतरी संपवायला हवे होते, आणि आत्यांनी ताटात टाकलेली दीड भाकरी रोज वाया कशी घालवायची? डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. आत्या इतक्या हसल्या, की बाहेर बसलेले आमचे हे आत डोकावले.

"डाक्टर, हिला पन लिवून द्या," त्या म्हणाल्या. "साखर बंद. किल्ल्या माज्याकडं."

त्या वर्षी पाऊस कमीच झाला आणि पुढच्या वर्षी तर आलाच नाही. बहात्तर सालचा दुष्काळ. पाथर्डी तालुक्यात विहिरी तळाला गेल्या, बैल चाऱ्याच्या छावणीला गेले. वस्तीवरच्या बायका आणि आमच्या चालणाऱ्यांतल्याही चार-पाच जणी तलावाच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागल्या. शिंप्याची बायकोही त्यात होती. सगळ्यांचंच वजन उतरलं, कुणी न सांगता.

एका दुपारी मी सहज म्हणाले, "आत्या, आता तुमचे नक्की सत्तर झाले असतील." त्यांनी माझ्या हातावर चापट मारली. "ते नाव काडू नगं. लोकांच्या पोटात न्हाई आन् आपन किलो मोजायचं?" फळीवरचं बाजरीचं गाठोडं त्यांनी त्याच दिवशी खाली काढलं, दळून आणलं आणि मला भाकरी थापायला बसवलं. मग पाटीत भाकरी, चटणी आणि पाण्याची घागर घेऊन आम्ही कामाच्या जागी गेलो. ती दोन मैलांवर होती, उन्हाची. पोचेतो माझी जीभ टाळ्याला लागली. आत्यांना धापसुद्धा लागली नव्हती. त्यांनी शिंप्याच्या बायकोला सावलीत बसवलं, तिच्या हातातला हातोडा काढून घेतला आणि ती जेवेपर्यंत तिच्या ढिगाची खडी फोडली. मुकादम नाही म्हणायला आला. त्यांनी त्याच्याकडं नुसतं पाहिलं, तसा तो दुसऱ्या टोकाला निघून गेला.

त्यानंतर त्या एकवीस वर्षं जगल्या. पाय शेवटपर्यंत धड होते. मला मुलगी झाली ती चौऱ्याहत्तर साली, कुणी नवस न करता. तिला कडेवर घेऊन आत्या ओढ्यापर्यंत जात आणि कुणी विचारलं कुठं निघालात, तर म्हणत, "हिला विचारा, तीच मला न्हेती."